ज्ञानाचे कोठार उघडे का असावे?
द्रव्यविज्ञानातील माहिती आणि साधनांची देवाणघेवाण : एक अभ्यासपाठ



आपले सुरत शहर कापड आणि हिरा या दोन वस्तूंसाठी जगभर ओळखले जाते. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून आपली अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी इथे आली, ती याच दोन धंद्यांच्या आधाराने स्थिरावली. कुणाचे वडील लूमवर आहेत, कुणाचे काका डाइंग मिलमध्ये, तर कुणाचा मोठा भाऊ हिऱ्याच्या घंटीवर बसतो. हे दोन धंदे वरून अगदी वेगळे दिसतात, पण दोघांच्या मुळाशी एकच शास्त्र आहे. वस्तू कशाची बनली आहे, तिच्या आतली रचना कशी आहे आणि त्या रचनेमुळे तिच्यात कोणते गुण येतात, याचा अभ्यास करणारे ते शास्त्र. इंग्रजीत त्याला मटेरियल सायन्स म्हणतात.

इथे शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'पदार्थ विज्ञान' म्हटले की मटेरियल सायन्स समजतात. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत मात्र 'पदार्थविज्ञान' म्हणजे फिजिक्स, म्हणजेच आजचे भौतिकशास्त्र. गोंधळ नको म्हणून या पाठात आपण 'द्रव्यविज्ञान' हा शब्द वापरू.

आजच्या पाठाचा विषय असा : एका शास्त्रज्ञाने मेहनतीने मिळवलेली मोजमापे आणि त्यासाठी तयार केलेली साधने सगळ्या जगासाठी खुली का ठेवावीत? ती खुली ठेवल्याने कोणाचा लाभ होतो? आणि सुरतेच्या एखाद्या साध्या शाळेतल्या मुलामुलींचा त्यात काय संबंध?

१. रचना बदलली की गुण बदलतात

पेन्सिलीतील ग्रॅफाइट आणि हिरा हे दोन्ही शुद्ध कार्बनच. पण ग्रॅफाइट कागदावर घासला की उमटतो आणि हिरा काच कापतो. ग्रॅफाइटची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.२ ग्रॅम आहे, हिऱ्याची सुमारे ३.५ ग्रॅम. अणू तेच, मांडणी वेगळी. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चारही बाजूंनी चार शेजाऱ्यांना घट्ट धरून बसलेला असतो. ग्रॅफाइटमध्ये अणूंचे सपाट थर असतात आणि ते थर एकमेकांवरून सहज सरकतात. हिऱ्याची ही मांडणी विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून काढली. १९१५ चा नोबेल पुरस्कार या पितापुत्रांना मिळून देण्यात आला.

घंटीवर बसणाऱ्या अनुभवी रत्नकलाकाराला विचारा. तो सांगेल की हिरा प्रत्येक दिशेने सारखा घासला जात नाही. एका दिशेला तो 'चालतो', दुसऱ्या दिशेला हट्टाने अडून बसतो. हे त्याला हाताने कळलेले आहे. ब्रॅग पितापुत्रांच्या शोधामुळे त्याचे कारण कळते : वेगवेगळ्या दिशांना अणूंची दाटी आणि बंधांची मांडणी वेगवेगळी असते.

कापडाचेही तसेच. सुती कापड त्यामानाने कमी तापमानाला रंगते, पण पॉलिस्टर मात्र जेट मशीनमध्ये दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. का? पॉलिस्टरच्या धाग्यातील लांब रेणू एकमेकांना बिलगून असतात. पुरेशी उष्णता मिळाली की ते हलू लागतात, त्यांच्यात फटी पडतात आणि रंगाचे कण आत शिरतात. धागा थंड झाला की फटी मिटतात आणि रंग आतच अडकतो. म्हणूनच चांगली रंगवलेली पॉलिस्टर साडी धुतल्यावर रंग सोडत नाही.

२. लिहून ठेवलेले ज्ञान आणि न लिहिलेले ज्ञान

डाइंग मिलमध्ये रंगमास्तरला फार मान असतो. कोणत्या शेडला कोणता रंग किती टाकायचा, तापमान किती वेगाने वाढवायचे, हे त्याच्या वहीत असते, पुष्कळदा फक्त त्याच्या डोक्यात असते. धंद्यात हे स्वाभाविक आहे, त्यावरच त्याचा पगार ठरतो. पण याचा एक तोटाही आहे. मास्तर गावाला गेला की लॉट बिघडतो आणि मास्तर कायमचा गेला की तीस वर्षांचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. पुढचा माणूस पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो.

रंगांच्याच व्यवसायात याला एक उत्तर शोधले गेले. इंग्लंडमधील रंगतज्ज्ञांच्या संस्थेने १९२० च्या दशकात 'कलर इंडेक्स' नावाचा कोश काढला. प्रत्येक रंगद्रव्याला त्यात एक सामायिक नाव मिळाले. उदाहरणार्थ, 'डिस्पर्स रेड ६०' हे नाव. हे रंगद्रव्य कंपन्या आपापल्या वेगळ्या नावांनी विकतात, पण डब्यावरचे हे सामायिक नाव वाचले की रंगमास्तरला कळते की आत मूळ द्रव्य तेच आहे. एक समान नाव असल्यामुळे माणसे एकमेकांशी बोलू शकतात आणि तुलना करू शकतात. माहितीच्या देवाणघेवाणीची ही पहिली पायरी होय.

लिहून प्रसिद्ध केलेल्या ज्ञानाची ताकद किती असते, याचे आपल्या देशातील उदाहरण म्हणजे हळदीचा खटला. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या घरात हळद लावायला कोण विचारून लावतो? पण 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' हा युक्तिवाद तिथे चालत नाही, लेखी पुरावा लागतो. त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ते गोव्यातील माशेलचे, मुंबईत अत्यंत गरिबीत वाढलेले आणि स्वतः बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे शास्त्रज्ञ. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध असे बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

यावरून काय शिकायचे? जे ज्ञान लिहून, छापून, सर्वांसमोर ठेवलेले असते, त्यावर दुसऱ्या कोणाला एकट्याचा हक्क सांगता येत नाही. जे फक्त तोंडी असते ते हरवते, किंवा दुसऱ्याच्या नावावर जाते.

३. स्फटिकांची कोठारे

ब्रॅग पितापुत्रांनंतर जगभर हजारो स्फटिकांच्या रचना मोजल्या गेल्या. पण त्या वेगवेगळ्या नियतकालिकांत, वेगवेगळ्या भाषांत विखुरलेल्या होत्या. १९६५ साली केंब्रिज येथे ऑल्गा केनर्ड या विदुषीने कार्बनी संयुगांच्या रचना एकत्र जमवायला सुरुवात केली. त्यांचा विश्वास असा होता की सुट्या सुट्या निष्कर्षांपेक्षा सगळे एकत्र ठेवून पाहिले तर नवे ज्ञान हाती लागेल. २०१९ मध्ये त्या संग्रहातील रचनांची संख्या दहा लाखांवर गेली. १९७१ साली प्रथिनांच्या रचनांसाठी अमेरिकेत असेच कोठार सुरू झाले. आरंभी त्यात फक्त सात रचना होत्या, २०२३ मध्ये दोन लाखांचा टप्पा ओलांडला गेला. हे कोठार जगात कुणालाही विनामूल्य खुले आहे.

पण कोठारात धान्य भरायचे तर पोत्यांचे माप एक हवे. १९९० मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रचना लिहिण्याची एक समान पद्धत स्वीकारली. तिला 'सिफ' म्हणतात. ही साध्या अक्षरांतील फाइल असते. त्यात स्फटिकाच्या पेटीची लांबी, कोन, प्रत्येक अणूचे स्थान, मोजणीचे तापमान अशा गोष्टी ठरलेल्या नावांनी लिहितात. जपानमध्ये लिहिलेली फाइल ब्राझीलमधील संगणक वाचू शकतो.

केंब्रिजच्या संग्रहाचा पूर्ण वापर करायचा तर संस्थेला वर्गणी भरावी लागते. म्हणून २००३ साली काही शास्त्रज्ञांनी 'क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस' नावाचे पूर्णपणे खुले कोठार सुरू केले. लिथुआनिया या छोट्याशा देशातील विल्नियस विद्यापीठात ते सांभाळले जाते. आज त्यात पाच लाखांहून अधिक रचना आहेत. नावनोंदणी नाही, शुल्क नाही.

आता वही आणि पेन घ्या. या कोठारात हिऱ्याची नोंद पाहिली तर स्फटिकाची सर्वांत लहान घनाकृती पेटी ३.५६७ अँगस्ट्रॉम लांबीची आढळते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. एका पेटीच्या वाट्याला ८ कार्बन अणू येतात आणि कार्बनचा अणुभार १२.

पेटीचे वस्तुमान : ८ × १२ = ९६
पेटीचे आकारमान : ३.५६७ × ३.५६७ × ३.५६७ = सुमारे ४५.४
भागाकार : ९६ ÷ ४५.४ = सुमारे २.११५

याला १.६६ ने गुणायचे, कारण अणुभाराचे ग्रॅममध्ये आणि अँगस्ट्रॉमचे सेंटिमीटरमध्ये रूपांतर केले की हाच आकडा उरतो. उत्तर येते ३.५१. म्हणजे हिऱ्याची घनता दर घन सेंटिमीटरला ३.५१ ग्रॅम. पाण्यात आणि हवेत वजन करून प्रत्यक्ष काढलेली घनताही इतकीच भरते.

कोट्यवधी रुपयांचे यंत्र आपल्याकडे नाही. तरीही दूर कुणीतरी मोजलेली एक संख्या खुली ठेवली, म्हणून सुरतेत नववीत शिकणाऱ्या मुलीला ती तपासून पाहता आली. खुल्या माहितीचा खरा अर्थ हाच आहे : 'मी सांगतो म्हणून माना' असे न म्हणता 'हे घ्या, तुम्हीच तपासा' असे म्हणणे.

२०११ साली अमेरिकेत बर्कली येथे क्रिस्टिन पर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मटेरियल्स प्रोजेक्ट' सुरू केला. त्यात महासंगणकावर गणित करून काढलेले गुणधर्म आहेत. दीड लाखाहून अधिक द्रव्यांची माहिती त्यात आहे आणि फक्त नाव नोंदवून ती मोफत पाहता येते. बॅटरीसाठी नवे द्रव्य शोधणारा संशोधक आधी इथे चाळणी लावतो आणि मग निवडक चार-पाच द्रव्येच प्रयोगशाळेत बनवून पाहतो. आपल्या देशातही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी मॅक्सीन नावाच्या अतिशय पातळ द्रव्यांचा असाच खुला संग्रह तयार केला आहे. त्याचे नाव 'अनंत'.

४. एका तापमानाची गोष्ट

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील काही शास्त्रज्ञांनी एक खळबळजनक दावा केला. 'एलके-९९' नावाच्या द्रव्यातून नेहमीच्या तापमानाला आणि नेहमीच्या दाबाला वीज कोणत्याही विरोधाशिवाय वाहते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा द्रव्याला अतिसंवाहक म्हणतात. आजवरचे अतिसंवाहक फार थंड करावे लागतात किंवा प्रचंड दाबाखाली ठेवावे लागतात. हा दावा खरा ठरला असता तर विजेच्या तारांपासून रेल्वेपर्यंत सगळे बदलले असते.

महत्त्वाची गोष्ट ही की दाव्याबरोबर कृतीही खुली होती. शिसे, तांबे, फॉस्फरस यांची कोणती संयुगे घ्यायची, किती तापवायची, हे सारे आरकाइव्ह या खुल्या संग्रहात मांडले होते. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा लगेच कामाला लागल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने काही दिवसांतच हे द्रव्य बनवले आणि त्यात अतिसंवाहकता आढळली नाही असे प्रसिद्ध केले.

मग मूळ आलेखात विद्युतरोध एकदम का घटत होता? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांच्या लक्षात आले की ही घट सुमारे १०४ अंश सेल्सिअसला होते, आणि हे तापमान त्यांच्या परिचयाचे होते. तांब्याचे सल्फाइड याच तापमानाला आपली रचना बदलते, हे आधीच्या संशोधनात नोंदलेले होते. एलके-९९ बनवताना हे सल्फाइड भेसळ म्हणून तयार होत होते. ऑगस्टमध्ये चीनमधील प्रयोगांनीही याला दुजोरा दिला. जर्मनीत स्टुटगार्ट येथे या द्रव्याचे शुद्ध स्फटिक वाढवले, तर ते चक्क विजेला रोखणारे निघाले.

महिन्याभरात प्रश्न निकालात निघाला. विचार करा, कृती गुप्त असती तर? कित्येक वर्षे, कित्येक कोटी रुपये आणि कित्येक तरुण संशोधकांची उमेद वाया गेली असती. दावा चुकीचा ठरला, पण पद्धत खरी ठरली. तांब्याच्या सल्फाइडवर पूर्वी काम करणाऱ्यांना कुठे ठाऊक होते की आपली ती साधी नोंद एके दिवशी जगाचा एवढा मोठा गैरसमज दूर करील? आज क्षुल्लक वाटणारी नोंदसुद्धा जपून आणि उघडी ठेवावी, ती याचसाठी.

५. कच्ची माहिती का मागतात?

गणिताच्या पेपरात केवळ उत्तर लिहिले तर शिक्षक पूर्ण गुण देत नाहीत. 'पायऱ्या दाखवा' असे म्हणतात. संशोधनातही तेच आहे. निबंधात छापलेला सुंदर आलेख म्हणजे उत्तर. यंत्रातून निघालेले मूळ आकडे म्हणजे कच्ची माहिती आणि त्यांपासून आलेख कसा बनवला या पायऱ्या.

२०२० साली अतिसंवाहकतेचा असाच एक मोठा दावा 'नेचर' या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला होता. इतर शास्त्रज्ञांनी मूळ आकडे मागितले आणि ते पाहिल्यावर शंका अधिकच वाढल्या. मूळ मोजमापांतून पार्श्वभूमीचे आकडे ज्या रीतीने वजा केले होते, ती रीत प्रचलित नव्हती आणि निबंधात नीट सांगितलेलीही नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला, लेखकांची मात्र त्याला संमती नव्हती. कच्ची माहिती पहिल्या दिवसापासून उघडी असती तर हा वाद दोन वर्षे चालला नसता.

हिऱ्याच्या बाजारालाही ही गोष्ट लागू पडते. आज प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आपल्या शहरात मोठ्या प्रमाणावर बनतो आणि घासला जातो. तो नकली नसतो, तोही कार्बनचाच खरा हिरा असतो. पण खाणीतल्या हिऱ्याच्या पुडीत न सांगता मिसळला तर ती फसवणूक होते. डोळ्यांनी किंवा भिंगाने फरक कळत नाही. मग तपासणारे यंत्र तो कसा ओळखते? वायूपासून वाढवलेल्या हिऱ्यात पुष्कळदा सिलिकॉनचे अंश अडकतात आणि विशिष्ट प्रकाश टाकल्यावर ते ७३७ नॅनोमीटरच्या आसपास एक खूण दाखवतात. ही खूण शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे मोजून प्रसिद्ध केलेल्या वर्णपटांमुळे ठाऊक झाली. बाजाराचा विश्वास शेवटी त्या खुल्या नोंदींवर उभा आहे.

६. चांगली नोंद कशी असते?

माहिती नुसती उघडी ठेवणे पुरेसे नाही. पावत्यांचा ढीग दुकानाबाहेर ओतला तर त्याला हिशेब म्हणत नाहीत. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने चार कसोट्या मांडल्या. त्या आपल्या भाषेत अशा सांगता येतील :

सापडावी : प्रत्येक नोंदीला कायमचा क्रमांक असावा, म्हणजे ती शोधता येईल.
मिळावी : ती कोणत्या मार्गाने मिळेल हे स्पष्ट असावे.
जुळावी : नावे, एकके आणि लिहिण्याची पद्धत अशी असावी की दुसऱ्याच्या नोंदीशी मेळ बसेल.
पुन्हा वापरता यावी : कोणी, केव्हा, कशाने, कोणत्या परिस्थितीत मोजले आणि वापरण्याची अट काय, हे सोबत लिहिलेले असावे.

एकक लिहिण्याचा कंटाळा किती महाग पडतो पाहा. १९९९ साली मंगळाकडे पाठवलेले अमेरिकेचे एक यान नष्ट झाले. एका गटाने बलाचे आकडे पौंडाच्या मापात दिले होते आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापात आहेत असे समजून वापरले. प्रयोगवहीत 'सेमी' लिहिले नाही म्हणून शिक्षक रागावतात, ते उगीच नाही.

७. साधनेही वाटून घ्यावी लागतात

माहिती मिळाली, पण ती उघडायचे साधन नसेल तर काय उपयोग? कुलूप उघडे, पण दार जड, अशी स्थिती होते.

साधन नाकारले जाण्याचा अनुभव भारताने घेतलेला आहे. १९८० च्या दशकात आपण अमेरिकेकडे 'क्रे' कंपनीचा प्रगत महासंगणक मागितला आणि तो मिळाला नाही. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. आज परम मालिकेतील संगणक देशातील अनेक शिक्षणसंस्थांत आहेत आणि त्यांवर नव्या द्रव्यांची गणितेही केली जातात.

ही गणिते करणारी काही सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागतात, पण काही पूर्णपणे खुली आहेत. इटलीमध्ये विकसित झालेले 'क्वांटम एस्प्रेसो' कोणीही उतरवून घेऊ शकतो, आतील सूत्रे वाचू शकतो आणि सुधारूही शकतो. स्फटिकाची रचना पडद्यावर फिरवून पाहण्यासाठी 'जेमोल' हे सॉफ्टवेअर तर साध्या संगणकावरही चालते. मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प चालवला. खुली सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्र-पाठ त्यात आहेत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते ऐकता येतात. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे.

मोठी यंत्रेही वाटून वापरता येतात. इंदूर येथे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त केंद्र आहे. विद्यापीठांतील संशोधकांना महागडी उपकरणे वापरता यावीत, याच हेतूने ते चालवले जाते. देशात कोणते यंत्र कोठे आहे हे दाखवणारे 'आय-स्टेम' हे सरकारी संकेतस्थळ जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिच्यामुळे सरकारी महाविद्यालये आणि संशोधन संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचता येतील अशी व्यवस्था झाली. याशिवाय भारतीय विज्ञान अकादमीचे 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स' हे द्रव्यविज्ञानाचे नियतकालिक १९७९ पासून निघते आणि अकादमीच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते.

८. दोन शंका आणि त्यांची उत्तरे

पहिली शंका : सगळे उघडे केले तर कष्ट करणाऱ्याला काय मिळाले? शंका रास्त आहे. पहिले उत्तर असे की खुले म्हणजे बेवारशी नव्हे. बहुतेक कोठारांत अट असते की माहिती वापरा, पण ज्याची आहे त्याचे नाव घ्या. दुसऱ्याची माहिती नाव न घेता वापरणे ही विज्ञानातली चोरीच आहे. दुसरे असे की सर्वच गोष्टी उघड्या कराव्यात असे कोणी म्हणत नाही. कारखान्याची कृती, रुग्णाची खाजगी माहिती, देशाच्या संरक्षणाच्या बाबी यांना मर्यादा आहेत. पेटंट हाही एक करारच आहे : शोध लिहून जाहीर करायचा आणि त्या बदल्यात २० वर्षे हक्क भोगायचा. पण जनतेच्या करातून झालेल्या संशोधनावर जनतेचा हक्क असावा, हे न्यायाचे आहे. भारत सरकारने २०१२ साली माहिती-सहभागाचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले, त्यामागे हाच विचार आहे.

दुसरी शंका : खुल्या माहितीतील सर्व काही खरेच असते का? नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या कंपनीने जाहीर केले की त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने २२ लाख नव्या स्फटिकरचनांचा अंदाज बांधला असून त्यांपैकी सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असाव्यात. ही बुद्धिमत्ता शिकली ती मटेरियल्स प्रोजेक्टसारख्या खुल्या कोठारांवर. पण २०२४ मध्ये अँथनी चीथम आणि राम शेषाद्री या दोन अनुभवी शास्त्रज्ञांनी ती यादी तपासून सांगितले की तिच्यातले नावीन्य आणि उपयुक्तता दाव्याइतकी नाही. पाहा, यादी खुली होती म्हणून त्यांना ती तपासता आली. खुलेपणा म्हणजे अचूकतेची हमी नव्हे. चूक सापडण्याची वाट मात्र त्यामुळे मोकळी राहते.

९. आपण काय करू शकतो?

मित्रहो, आपल्या घरांत कापडाचे आणि हिऱ्याचे केवढे ज्ञान भरलेले आहे! पण ते हातांत आहे, कागदावर नाही. सुरत शहराने हातांच्या कौशल्यावर नाव मिळवले. पुढची पिढी जर मोजू लागली, लिहू लागली आणि वाटू लागली, तर ती केवळ दुसऱ्याच्या शोधावर काम करणारी राहणार नाही, शोध लावणारीही होईल. आपल्यातल्या कुणाकडे महागडी प्रयोगशाळा नाही, ही अडचण आहेच. पण जगाची कोठारे उघडी आहेत, तेव्हा निदान दारापर्यंत जायला तरी कोणी अडवलेले नाही.

सुरुवात आपण शाळेतच करू. सुती, पॉलिस्टर आणि व्हिस्कोस असे तीन प्रकारचे, शक्य तितक्या सारख्या जाडीचे धागे आणा. प्रत्येकाचे ३० सेंटिमीटर लांबीचे दहा तुकडे करा. एक टोक खिळ्याला बांधा, दुसऱ्या टोकाला हलकी पिशवी लावा आणि तिच्यात हळूहळू वजन वाढवा. पिशवी जमिनीपासून थोड्याच उंचीवर असू द्या आणि पाय दूर ठेवा. धागा किती ग्रॅमला तुटला ते लिहा. पाच तुकडे कोरडे तपासा आणि पाच ओले. सर्व आकडे लिहा, न पटणारेही लिहा, एकही खोडू नका. तारीख, वर्ग, धागा कोठून आणला आणि त्या दिवशी हवा दमट होती की कोरडी, हेही नोंदवा. पुस्तके सांगतात की ओला सुती धागा अधिक मजबूत होतो आणि ओला व्हिस्कोस बराच कमजोर. तुमचे आकडे काय सांगतात?

प्रत्येक वर्गाची नोंदवही ग्रंथालयात ठेवली जाईल. पुढच्या वर्षीचा वर्ग ती उघडून पाहील आणि तोच प्रयोग पुन्हा करील. आपल्या शाळेचे हे पहिले छोटेसे कोठार असेल.

स्वाध्याय

१. हिरा आणि ग्रॅफाइट यांच्या गुणांत फरक का पडतो? आकृती काढून स्पष्ट करा.
२. मिठाच्या स्फटिकाची पेटी ५.६४ अँगस्ट्रॉम लांबीची असते. एका पेटीत सोडियम-क्लोरीनच्या ४ जोड्या असतात आणि एका जोडीचा भार ५८.५ आहे. वरील पद्धतीने मिठाची घनता काढा. (उत्तर २.१६ च्या जवळ यायला हवे.)
३. हळदीचे पेटंट रद्द होण्यात लेखी नोंदींचे महत्त्व काय होते?
४. एलके-९९ चा दावा महिन्याभरात तपासला गेला, त्याची दोन कारणे लिहा.
५. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका कारागिराला भेटा. त्याच्या कामातील असे एक ज्ञान विचारा की जे कोणत्याही पुस्तकात त्याने वाचलेले नाही. त्याची परवानगी घेऊन ते एका पानावर लिहा आणि खाली त्याचे नाव सन्मानाने द्या.
६. चर्चा करा : 'रंगमास्तरने आपली वही सर्वांना दाखवावी का?' दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन मुद्दे मांडा.

उत्तरे वहीत लिहून विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवावीत. पाचव्या प्रश्नाची निवडक पाने पुढील अंकात छापली जातील.

— मुख्याध्यापक